‘घर बांधणे’ ते ‘घर घेणे’: खारघरच्या निमित्ताने

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण शाळकरी वयापासून ऐकत आलो आहोत. ही दोन्ही कामे माणसाची कसोटी पाहतात, असा तिचा रूढ अर्थ सांगितला जातो आणि विषय तेथेच संपतो. म्हणीतील क्रियापदाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. म्हण घर ‘बांधण्या’विषयी बोलते. आज नवी मुंबईच्या दक्षिण टोकाकडील खारघरसारख्या वसाहतीत नुकतेच लग्न झालेले जोडपे घर बांधत नाही, ते घर ‘घेते’. व्यवहारात तर ते आधी ‘बुक’ करते, मग त्याचा ‘ताबा’ घेते, आणि पुढे पंधरा-वीस वर्षे त्याचे हप्ते ‘भरते’. एका क्रियापदाच्या जागी चार क्रियापदे आली, आणि त्यांत ‘बांधणे’ कोठेच नाही.

हा बदल केवळ भाषेचा नाही. बांधणाऱ्याला जमीन कोणाची होती, दगड कोठला, गवंडी कोण, हे ठाऊक असते. घेणाऱ्याला ते ठाऊक असण्याची गरज उरत नाही. मराठी मध्यमवर्गीय जोडप्याच्या पहिल्या घराचा इतिहास या दोन क्रियापदांच्या मधल्या अंतरात वाचता येतो, आणि तो वाचण्यासाठी खारघरइतके सोयीचे ठिकाण दुसरे सापडणे कठीण, असे आम्हांला वाटते.

१. बिऱ्हाडाचे दिवस

मराठीत संसाराचा आरंभ सांगणारे जुने शब्द पाहावेत. संसार ‘मांडतात’, बिऱ्हाड ‘करतात’, बस्तान ‘बसवतात’. यांपैकी एकाही शब्दात मालकी गृहीत धरलेली नाही. ‘बिऱ्हाड’ म्हणजे माणसे आणि त्यांचे सामान; ते कोठेही मांडता येते आणि तेथून उचलताही येते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते ते यामुळेच. पुण्याच्या वाड्यात मालक आणि बिऱ्हाडकरू हे दोन वर्ग होते, मुंबईच्या चाळीत घरमालक आणि भाडेकरू. दोन्हीकडे नवे जोडपे दुसऱ्याच्या छपराखाली संसाराला लागे. स्वतःचे घर ही आयुष्याच्या उत्तरार्धातील गोष्ट होती; भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान हाती आले की गावी किंवा एखाद्या उपनगरात ती घडे, किंवा मुळीच घडत नसे. तरुणपणी बिऱ्हाड आणि म्हातारपणी घर, असा तो क्रम होता.

मुंबईत चाळ वाढली ती गिरण्या, बंदर आणि स्थलांतर यांमुळे. १८९६ साली शहरात प्लेग आला आणि १८९८ मध्ये सुधार न्यास, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. त्याच्या चाळी, आणि पुढे १९२०च्या दशकातील विकास विभागाच्या, म्हणजे बीडीडी चाळी, ही सरकारी गृहनिर्मितीची पहिली मोठी उदाहरणे होत. याच काळात मध्यमवर्गाने दुसरी वाट शोधली. गावदेवीला १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रमुख प्रवर्तक. एकट्याला जमीन घेणे परवडत नाही तर दहा-वीस कुटुंबांनी मिळून घ्यावी, ही सहकारी गृहरचनेची साधी कल्पना होती. येथे ‘बांधणे’ हे क्रियापद अजून शाबूत आहे. त्याचा कर्ता मात्र एकवचनी न राहता अनेकवचनी झाला आहे.

चाळीतील सामूहिक जगण्याविषयी मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही, पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने ते काम १९५८ सालीच करून ठेवले. त्या हास्याच्या छायेत एक अडचण मात्र दडून राहिली. ती अडचण नवविवाहितांची होती. राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’ (१९७०) या चित्रपटाचा विषयच हा की, माणसांनी भरलेल्या घरात नव्या जोडप्याला एकान्त मिळावा कसा. बासू चटर्जी यांनी १९७२ मध्ये ‘पिया का घर’ या नावाने तो हिंदीत आणला. प्रेक्षक हसत होते. परंतु हसण्याचा विषय झालेली ती कुचंबणा हजारो घरांतील रोजचे वास्तव होते. ‘रूम-किचन’ या शब्दात झोपण्याच्या खोलीचा उल्लेख नाही, आणि पुढे आलेल्या ‘बीएचके’त पहिलेच अक्षर तिचे आहे, हे या संदर्भात ध्यानात घ्यावे.

२. पागडी, ओनरशिप आणि हप्ता

मग नव्या जोडप्याने निराळी खोली भाड्याने का घेऊ नये? याचे उत्तर कायद्यात आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी साधारणपणे सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. युद्धकाळातील टंचाई आणि फाळणीनंतरचे लोंढे पाहता भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यकच होते. तथापि, त्याचे दुसरे परिणामही झाले. मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही, जुना भाडेकरू खोली सोडीना, आणि रिकामी खोली हवी तर ‘पागडी’ मोजावी लागू लागली. जो शब्द एकेकाळी मस्तकावरच्या मानाचा होता, तो खोलीच्या किल्लीसाठी हातोहात द्यावयाच्या रकमेचा झाला. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने या रकमेला वैधता मिळेपर्यंत हा शब्द दबक्या आवाजातच उच्चारला जाई. भाड्याची खोली पिढीजात झाली ती अशी. आणि पिढीजात खोलीत पुढची पिढी, तिचे लग्न, तिची मुले, सारे सामावून घ्यावे लागले.

या कोंडीतून ‘ओनरशिप’ हा शब्द जन्मास आला. तो मराठीत इतका मुरला की ‘ओनरशिपची जागा’ म्हणताना आपण इंग्रजी बोलतो आहोत, असे कोणाला वाटत नसे. बिल्डरांनी इमारती उभारून एकेक सदनिका विकण्यास प्रारंभ केला, फसवणुकीही होऊ लागल्या, आणि १९६३ साली महाराष्ट्राने मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा कायदा केला. आगाऊ रक्कम घेताना लेखी व नोंदणीकृत करार करणे, खरेदीदारांची संस्था स्थापन करणे, आणि अखेरीस जमीन व इमारत त्या संस्थेच्या नावे करून देणे, ही कर्तव्ये बिल्डरवर आली. शेवटचे कर्तव्य इतक्या ठिकाणी टाळले गेले की २००८ साली कायद्यात ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद करावी लागली. बिल्डरने जे द्यावयाचे ते त्याने दिले असे ‘मानावे’, असा हा शब्द. मराठी शासनव्यवहाराच्या कोशात यापेक्षा अधिक कथा पोटात बाळगणारा शब्द क्वचितच असेल.

१९७७ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी भीमसेन दिग्दर्शित ‘घरौंदा’ प्रदर्शित झाला. डॉ. शंकर शेष यांच्या कथेवरील या चित्रपटात नोकरी करणारे दोघे तरुण लग्नाआधी घरासाठी पैसे साठवतात, आणि बिल्डर त्यांची पुंजी घेऊन नाहीसा होतो. घर नाही म्हणून लग्न नाही, हा पेच येथे प्रथमच इतक्या उघडपणे मांडला गेला. चाळीच्या काळात लग्न घरासाठी थांबत नसे. ‘घरौंदा’त ते थांबते. त्याच वर्षी हसमुख पारेख यांनी एचडीएफसी ही गृहकर्ज देणारी संस्था स्थापन केली. पगारदार माणसाला भावी कमाईच्या भरवशावर आज घर मिळावे, ही कल्पना तोवर रुळलेली नव्हती. एरवी घरासाठी आधार असे तो भविष्यनिर्वाह निधीचा, विमा महामंडळाचा किंवा मालकाने दिलेल्या कर्जाचा.

१९९९ नंतरच्या अर्थसंकल्पांनी कर्जाच्या व्याजावरील करसवलत वाढवली, २०००च्या दशकाच्या आरंभी व्याजाचे दर उतरले, आणि जुना क्रम उलटा झाला. घर हे आयुष्यभराच्या कष्टांचे फळ होते. ते आता संसाराची पहिली अट झाले. वधूवरांच्या जाहिरातींत ‘स्वतःचा फ्लॅट’ ही पात्रता ठरली. स्थिरस्थावर होणे या शब्दाची जागा ‘सेटल होणे’ने घेतली. ज्या मुंबईत ‘हप्ता’ या शब्दाला गुंडाच्या वसुलीचा वास होता, तेथे तोच शब्द प्रतिष्ठित घरांत दरमहा पाच तारखेला उच्चारला जाऊ लागला.

३. खाडीपलीकडचे शहर

हा उलटलेला क्रम जमिनीवर उतरला तो प्रामुख्याने नवी मुंबईत. खाडीपलीकडे जुळे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर, हे शहर आखले गेले. त्याच्या चौदा उपनगरांपैकी खारघर हे एक.

खारघरच्या पश्चिमेस लागूनच बेलापूर आहे. तेथे १९८०च्या दशकात कोरियांनी ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ ही वसाहत आखली. प्रत्येक घराची स्वतःची जमीन, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, सात घरांच्या मध्ये एक लहानसे अंगण, आणि कुटुंबाची ऐपत वाढेल तसे घर वाढवण्याची मुभा. आमच्या विषयाच्या दृष्टीने हा प्रयोग मोलाचा, कारण नियोजित शहरातही ‘बांधणे’ हे क्रियापद रहिवाशाच्या हाती ठेवण्याचा तो यत्न होता. खारघरपर्यंत येताना मात्र तो मागे पडला. १९९८ साली बेलापूर-पनवेल लोहमार्गावर उपनगरी गाडी धावू लागली, खारघरला स्थानक मिळाले, आणि येथे बहुमजली इमारतींची वसाहत वेगाने उभी राहिली. दादर, परळ, चेंबूर, घाटकोपर येथल्या रूम-किचनमध्ये वाढलेल्या तरुणांना हार्बर मार्गावरील तासाभराहून अधिक प्रवासाच्या बदल्यात शयनगृह असलेले घर येथे मिळू शकत होते. सोबत उत्तर भारतीय, दाक्षिणात्य, गुजराती कुटुंबेही आली. चाळीत एका गावाची, एका जातीची माणसे एका मजल्यावर गोळा होत. येथे शेजार ठरला तो सिडकोच्या सोडतीने किंवा बँकेने मंजूर केलेल्या रकमेने.

या घरांच्या नावांकडे साहित्याच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावे. ‘घरकुल’, ‘वास्तुविहार’, ‘स्पॅगेटी’, ‘सेलिब्रेशन’, ‘स्वप्नपूर्ती’, ‘व्हॅलीशिल्प’ ही सिडकोच्या खारघरमधील प्रकल्पांची नावे. ‘घरकुल’ हे घराचे लडिवाळ लघुरूप; त्यात घरट्याची ऊब आहे. ‘स्पॅगेटी’त ना घर आहे, ना महाराष्ट्र, आहे ती जागतिकीकरणाच्या नव्या चवीची हौस. आणि सेक्टर ३६मधील दोन प्रकल्प शेजारी ठेवून पाहावेत. दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठीचा तो ‘स्वप्नपूर्ती’. मध्यम व उच्च उत्पन्न गटांसाठीचा तो ‘व्हॅलीशिल्प’. कमी मिळकतीच्या माणसाला घर मिळाले की त्याचे स्वप्न पुरे झाले, असे नावच सांगते. अधिक मिळकतीच्या माणसाला स्वप्नाची आठवण करून देण्याचे कारण नाही. त्याला दरी आणि शिल्प पुरते.

‘चटई क्षेत्र’ हा शब्दही असाच. इंग्रजी ‘कार्पेट एरिया’तील गालिचा शासकीय मराठीत चटई झाला. रूम-किचनमध्ये रात्री चटई अंथरली की खोलीची झोपण्याची जागा होई. आज तीच चटई मोजमापाचे एकक आहे, आणि १ मे २०१७ रोजी महारेरा कार्यान्वित झाल्यापासून घराची किंमत त्याच क्षेत्रफळाशी निगडित असावी, असा दंडक आहे.

४. घरकुल आणि ‘गरजेपोटी’

येथवर आपण घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले. आता जमिनीच्या बाजूने पाहू. खारघरचे सेक्टर सुमारे चाळीस. पत्ता सांगताना सेक्टर आणि प्लॉट यांचे आकडे सांगितले की भागते. पण त्या आकड्यांच्या मधून बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे, पेठाली ही गावांची नावे डोकावतात. आगरी, कोळी, कराडी आणि आदिवासी समाजांच्या या परिसरात भातशेती होती, मिठागरे होती, मासेमारी होती. नव्या शहरासाठी ही जमीन १८९४च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली गेली. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढ्यास उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरातील आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातून ‘साडेबारा टक्के’ ही योजना आली. संपादित जमिनीच्या तेवढ्या हिश्शाचा विकसित भूखंड मूळ मालकाला परत मिळावा, असे तिचे सूत्र.

खारघरमधील कितीतरी खासगी इमारती याच साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर, शेतकरी आणि बिल्डर यांच्यातील करारांतून उभ्या आहेत. ज्या जोडप्याने तेथे पहिले घर घेतले, त्याच्या करारनाम्यात भूखंडाचा पूर्वेतिहास बारीक अक्षरांत असतो. करारनाम्याची ती पाने सहसा कोणी वाचत नाही. ज्याच्या पूर्वजांनी तेथे घर बांधले त्याची शेवटची जमीन, आणि ज्याने घर घेतले त्याची पहिली जागा, या दोन गोष्टी एकाच दस्तऐवजात भेटतात.

याहून बोलका एक शासकीय शब्दप्रयोग आहे: ‘गरजेपोटी बांधलेली घरे’. प्रकल्पग्रस्तांची कुटुंबे वाढली, त्यांच्याही मुलांची लग्ने झाली, त्यांनी गावठाणात आणि त्यालगत घरे वाढवली. जमीन कागदोपत्री सिडकोची झालेली असल्याने ही घरे अनधिकृत ठरली, आणि ती नियमित करण्याविषयी शासनाने वेळोवेळी निर्णय काढले. म्हणजे आगरी कुटुंबातील नव्या जोडप्याची खोली ‘गरजेपोटी’, आणि मुंबईहून आलेल्या नव्या जोडप्याची खोली ‘घरकुल’. गरज दोघांची एकच आहे. पण आपल्या म्हणीतील मूळ क्रियापद ज्यांनी जिवंत ठेवले, ज्यांनी खरोखर घर ‘बांधून’ पाहिले, त्यांच्याच वाट्याला अनधिकृतपणा यावा, हा विरोधाभास खारघरच्या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे.

हे केवळ आपल्याकडेच घडले, असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लेविटटाउन उभे राहिले, ते युद्धावरून परतलेल्या तरुणांना संसार थाटता यावेत म्हणून. सरकारी पाठबळाच्या कर्जांनी हजारो जोडप्यांना पहिले घर मिळाले. पण त्या घरांच्या आरंभीच्या करारांत कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. पहिल्या घराचा आनंद खोटा नसतो, परंतु त्याच्या कुंपणाबाहेर कोण राहिले हे विचारल्याखेरीज त्याचा इतिहास पुरा होत नाही.

मालकीच्या बाबतीत घेणाराही वाटतो तितका निश्चिंत नाही. सिडकोने जमीन दिली ती मुळात साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. घर मालकीचे आणि जमीन पट्ट्याची! बिऱ्हाडकरूपण पुरते सुटले म्हणावे, तर तळाशी ते शिल्लक आहेच. याखेरीज वस्ती होताच इतर प्रश्न आले. पेण तालुक्यातील हेटवणे धरणावर अवलंबून असलेले पाणी अपुरे पडे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे हा नव्या संसाराचा भाग झाला. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली, खारघर तिच्यात आले, आणि सिडकोचे सेवाशुल्क व महापालिकेचा मालमत्ता कर या दुहेरी बोज्याविरुद्ध रहिवासी एकत्र आले. गाव सोडलेली, चाळ सोडलेली ही माणसे ‘आम्ही खारघरकर’ म्हणू लागली ती बहुधा अशा सभांमधून.

५. दारावरची पाटी

या साऱ्या व्यवहारात एक गोष्ट निःसंशय नवी आणि स्वागतार्ह आहे. चाळीतील खोलीची भाडेपावती बहुधा पुरुषाच्या नावे असे आणि ती मुलाच्या नावे होई. आजच्या करारनाम्यावर अनेकदा दोघांची नावे असतात. २०१५च्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल व अल्प उत्पन्न गटांतील घर स्त्रीच्या किंवा संयुक्त नावे असावे, असा नियम केला गेला. सिडकोने २०१८ साली तळोजे, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी येथील १४,८३८ घरांची जी योजना जाहीर केली, ती याच धोरणाशी जोडलेली होती. १ एप्रिल २०२१पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली स्त्रीला लिहिण्यासाठी स्वतःची खोली आणि स्वतःचे उत्पन्न हवे, असे प्रतिपादन केले. वन-बीएचकेमध्ये अशी खोली नसते. पण दस्तऐवजावर नाव असते, आणि ते क्षुल्लक नाही. अर्थात दस्तऐवजावर जशी दोन नावे, तशी कर्जावरही दोन. दोघांचे पगार धरूनच कर्ज मंजूर होते. मग मूल झाल्यावर कोणी नोकरी सोडावी, आई-वडिलांच्या आजारपणात कोणी गावी जावे, हे प्रश्न हप्त्याच्या चौकटीत सुटतात. चाळीने एकान्त हिरावला होता. गृहकर्जाने एकान्त दिला, आणि त्यात बसण्याचा वेळ काढून घेतला.

गास्तों बाशलार यांनी ‘पोएटिक्स ऑफ स्पेस’ या नावाने इंग्रजीत गाजलेल्या आपल्या ग्रंथात (मूळ फ्रेंच, १९५७) बालपणीच्या घराला स्वप्नांचा आश्रय मानले. त्यांच्या घराला माळा होता, तळघर होते. पॅरिसमधील एकावर एक रचलेल्या खोक्यांविषयी ते साशंक होते. खारघरमध्ये वाढलेल्या मुलांच्या स्मृतींत माळा किंवा तळघर नसेल. त्यांत गॅलरीतून दिसणारा पावसाळी डोंगर, पांडवकड्याचा धबधबा, आणि लिफ्टमधले मजल्यांचे आकडे असतील. या ऐवजावर चांगले साहित्य होणारच नाही, असे मानण्याचे काही कारण नाही.

१७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. २०२५ साली नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. खारघर आता टोकाचे उपनगर राहिलेले नाही, आणि म्हणूनच नव्या जोडप्याच्या आवाक्यातून ते निसटत चालले आहे. पहिले घर पुढे तळोजे, पनवेल, नेऱ्याकडे सरकत आहे. अशा वेळी या परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी एक काम हाती घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घराचा इतिहास दोन-तीन पृष्ठांत लिहावा: आई-वडिलांनी संसार कोणत्या खोलीत मांडला, हे घर कोणत्या कागदाने आले, आणि ते ज्या जमिनीवर उभे आहे ती पूर्वी कोण कसत होते. सेक्टरमधल्या मुलाला तिसरा प्रश्न अडेल, आणि मुर्बीतल्या मुलीला दुसरा. दोघांनी आपापली पृष्ठे एकमेकांना वाचून दाखवावीत.